तळाचं पान

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. शिंपलीला पापा. आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडीनं आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईइतका नाही. तुझं दवाखान्यातलं काम सुरू झाल्याचं कळलं, बरं वाटलं. तुझ्या बाबांना मी विचारलंय म्हणून सांग.

कारणाशिवाय पत्र लिहू नकोस, असं तू निघताना म्हणाली होतीस. म्हणून कारण सोबत बांधून पाठवते आहे. पार्सल कापताना सुरी खोल घालू नकोस, आत समुद्र आहे.

तू इथं होतीस तेव्हा हे पुस्तक नुसतं माझ्या तोंडात आणि काही कच्च्या कागदांवर होतं. आता ते निम्मंअधिक झालं आहे. पान उघडलं की चित्र उभं राहतं अशी पुस्तकं तू पाहिली असशील, किल्ल्यांची, मोटारींची. आमचं समुद्रातल्या जिवांचं आहे. पहिल्या पानावर किनाऱ्यावरच्या खडकातलं डबकं, मग उथळ पाणी, मग प्रवाळ, मग मोकळा समुद्र, आणि असं उलटत उलटत खाली. प्रत्येक पानागणिक उजेड कमी होतो. पट्टी ओढली की ऑक्टोपस खडकामागून बाहेर येतो, चाक फिरवलं की माशांचा थवा एकदम वळतो. मजकूर माझा आणि कागदाची रचनाही बरीचशी माझी. प्राणिशास्त्राच्या पदवीचं शेवटी कात्री आणि गोंद होईल, असं आमच्या प्राध्यापकांना स्वप्नातसुद्धा वाटलं नसेल. दादा म्हणतो ना, आपल्या घरात पदवी आली आणि शांतता गेली.

तुला पाठवली आहे ती पांढरी डमी. छापण्याआधी सगळं पुस्तक कोऱ्या पुठ्ठ्यात करून बघतात. पांढरे मासे, पांढरं पाणी, पांढरा अंधार. आमच्या बाई (प्रकाशन त्यांचं, संपादकही त्याच, आणि शिस्तीच्या बाबतीत साक्षात सासूबाई) म्हणतात, रंग काढला की वस्तूचं भूत उरतं, आणि भुताला चुका लपवता येत नाहीत. त्यांचा आणखी एक नियम आहे: जे उभं राहतं ते झोपलंही पाहिजे. पान मिटत नसेल तर ते पुस्तक नाही, खोकं.

विक्रीवाले काका म्हणून एक गृहस्थ आहेत. त्यांना देवमासा हसरा हवा होता. मी म्हटलं, देवमासा हसत नाही. ते म्हणाले, गिऱ्हाईक हसतं. बाई म्हणाल्या, त्याला हसवलात तर दंतवैद्याची जाहिरात वाटेल. तो विषय तिथं संपला. मुलाखतीच्या दिवशीच मी बाईंना सांगितलं होतं की मुलांना खोटं सांगायचं असेल तर मला घेऊ नका. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, बघू किती टिकतं.

आता मुद्दा. कागदाची खरी परीक्षा मुलांच्या हातात होते. मोठी माणसं पट्टी हळू ओढतात, मुलं उपटतात. तर शिंपलीनं ही डमी महिनाभर वापरावी, झोपताना, जेवताना, भांडताना. जिथं फाटेल तिथं आमची चूक. तिला काय कळलं नाही, काय आवडलं नाही, ते तू दोन ओळींत लिही आणि डमी परत पाठव. तिचं नाव पुस्तकात येईल. नाव म्हणजे शिंपली असंच. दादानं ठेवलेलं आहे, तेच राहू दे. तोंड मिटलं की चमच्यानंही उघडत नाही, हे अजून तसंच आहे का?

तळाचं पान मी गाळलं आहे. तुला आठवत असेल, त्याच पानाबद्दल मी सगळ्यात जास्त बडबडत असे, समुद्राच्या अगदी तळाशी काय काय असतं ते. जागा पुरत नाही. पुस्तक जाड झालं की नीट मिटत नाही.

सुट्टीत शिंपलीला आठ दिवस पाठवशील का? तुझी अट मी विसरलेले नाही. "ज्या घरात तो अजून यायचा आहे, त्या घरात माझी पोर येणार नाही." तू दारात उभं राहून म्हणाली होतीस, आणि आई आत गेली होती. त्याबद्दल या पत्रात नको. पण आठ दिवसच, वहिनी. मी रजा घेईन, तिला आमच्या चिकटवण्याच्या खोलीत नेईन, गोंदात बोटं बुडवू देईन.

उत्तराची वाट बघते.

तुझी,
धाकटी


४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. चारच ओळी होत्या, पण आईला वाचून दाखवल्या तेव्हा तिनं दोनदा वाचायला लावल्या. शेवटची मी दोन्ही वेळा गाळली.

तू लिहितेस, शिंपली पुस्तक खाली ठेवत नाही, थव्याचं चाक तिनं पहिल्याच दिवशी उपटलं (छान, ते आम्ही बदलू), आणि ती विचारते, प्रत्येक पानावर एक बारीक चीर आहे, तिच्यातून कुणी येत का नाही? आणि मग तू लिहितेस, अट तीच आहे.

शिंपलीला सांग, ती चीर हवेसाठी आहे. पान मिटताना आतली हवा बाहेर जायला वाट लागते. तसं काही अंशी खरंही आहे. आता आमच्याकडे पहिली पन्नासएक पुस्तकं नमुना म्हणून जुळवायला घेतली आहेत, आणि चिकटवणाऱ्या बायका म्हणतात, हे पुस्तक सुस्कारे टाकतं. पान मिटलं की त्या चिरेतून हवेचा आवाज येतो, अगदी बारीक. खोलीत आठ-दहा जणी एकदम पानं मिटून तपासतात तेव्हा तर मी बाहेर जाऊन उभी राहते. दादा आंघोळीनंतर बाथरूममध्ये पाण्यात उतरायचा रबरी सूट घालून तोंडातल्या नळीतून श्वास घेऊन दाखवायचा आणि शिंपली दाराबाहेर खिदळायची, तो आवाज तुला आठवतो? तसाच आहे. कदाचित मलाच तसा वाटतो.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. सूट अजून बाथरूमच्या खुंटीलाच आहे. तू म्हणाली होतीस की जुना असला तरी चांगला आहे, दादाच्या कामातल्या जोडीदाराला देऊन टाकू, त्याच्या तरी कामी येईल. त्यावरूनच तुझं-आईचं सगळं झालं. आई आता दर रविवारी त्याला आतून बाहेरून पावडर लावते. रबर चिकटू नये म्हणून दादा लावायचा तशीच. बाही उलटी करून हात कोपरापर्यंत आत घालते. पाय मोकळे करते. घरभर पावडरीचा वास असतो, लहान बाळाच्या घरात असतो तसा. सकाळी अर्धवट झोपेत मी बाथरूमचं दार ढकलते आणि कुणीतरी आत आहे म्हणून मागे सरकते. रोज. रोज मला कळतं की सूट आहे, आणि रोज मी म्हणते, "सॉरी, आटप लवकर." एकदा आईनं ते ऐकलं. त्या दिवसापासून तिची पावडर वाढली आहे, असं मला वाटतं.

शेजारच्या काकूंनी परवा जिन्यात विचारलं. आई म्हणाली, कामावर आहे, लांबलंय. मी आईच्या हातातली पिशवी घेतली आणि वर आले. आईचं वय झालं, तिला जे म्हणायचं ते म्हणू दे. मी स्वतः तसं कधी म्हणत नाही, वहिनी. तो येईल असं माझ्या तोंडून तू कधी ऐकलं आहेस का? मी गप्प बसते. गप्प बसणं आणि खोटं बोलणं यांत फरक आहे, निदान मला तरी तसं वाटतं.

शिंपलीला सुट्टी कधी लागते ते कळव. अटीबद्दल सवडीनं बोलू.

तुझी,
धाकटी


११ मार्च

प्रिय वहिनी,

डमी परत मिळाली. नमस्कार वगैरे आज राहू दे.

तू पाहूनच पाठवली असशील. शिंपलीनं प्रत्येक चिरेवर तुझ्या दवाखान्यातली जखमेची पट्टी लावली आहे. डबक्याच्या पानावर, प्रवाळाच्या पानावर, सगळ्या. किती नीट लावल्या आहेत, कडा बोटानं दाबून. तू सोबत फक्त एवढंच लिहिलंस: "ती म्हणाली, पानांना लागलंय."

मी ती टेबलाच्या खणात घालायला निघाले तेवढ्यात बाई आल्या. त्यांच्यापासून डमी लपवता येत नाही. त्यांनी एकेक पान उघडलं आणि बऱ्याच दिवसांनी हसल्या.

"एवढी स्वच्छ दुरुस्ती आपल्याकडे कुणी करत नाही. कोण ही?"

"माझी भाची."

"नोकरीला ठेवू या. आता मला सांग, या चिरा कसल्या?"

मी म्हटलं, "आधी एक आकृती होती. नंतर काढली. चिरा रेखाटनातून काढायच्या राहून गेल्या."

हे तुला नीट सांगायला हवं. कागदाचा कुठलाही तुकडा पानावर उभा करायचा तर पानाला चीर देतात, तुकड्याची शेपटी तिच्यातून मागे घालतात आणि मागून चिकटवतात. चीर कुठं पडायची ते आधी रेखाटनात ठरतं, मग त्यावरून पाती बसवलेला साचा बनतो, आणि त्या साच्याखाली सगळे कागद कापले जातात. आकृती काढून टाकताना मी तुकडा काढला आणि चीर तशीच ठेवली. शिकाऊ मुलगीसुद्धा ही चूक करत नाही. मी प्रत्येक पानावर केली. साचा झाला, कागद कापून आले, तरी मला दिसली नाही. किंवा दिसली असेल.

"कसली आकृती?" बाई म्हणाल्या.

"पाणबुड्या होता. हातात दिवा घेतलेला. प्रत्येक पानावर मुलांनी त्याला शोधायचं."

"चांगली कल्पना होती. का काढून टाकलास?"

"गर्दी होत होती."

"पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकटा माणूस गर्दी करत होता?"

बाईंनी डमी मिटली. पट्ट्यांमुळे तिनं सुस्कारा टाकला नाही.

"घरी कुणी पाण्यात काम करतं का?"

"भाऊ."

"करतो?"

एवढंच विचारलं त्यांनी. वहिनी, तुला माहीत नसेल, ऑफिसात मी कुणालाच सांगितलेलं नाही. तेव्हा रजा घेतली ती पोट बिघडलंय म्हणून. परत आले तेव्हा सगळे म्हणाले, अगं किती वाळलीस, काय खाल्लं होतंस. मी सांगितलं, बाहेरचं काहीतरी. आणि त्याच दिवशी बसून सगळ्या पानांवरून पाणबुड्या काढला. त्याला मी दादासारखाच केला होता, डावा खांदा जरा खाली. काढलेले तुकडे टाकले नाहीत, माझ्याच एका पाकिटात आहेत.

तू त्या दिवशी धक्क्यावर होतीस. मी नव्हते. मला जोडीदारानं सांगितलं तेवढंच ठाऊक आहे: समुद्रतळावरच्या पाइपाचं काम होतं, दोर ओढला तर हलका लागला, आणि वर आला तेव्हा त्याच्या टोकाला कुणी नव्हतं. मग तीन दिवस शोधलं. पण मला आणखीही एक गोष्ट ठाऊक आहे, आणि ती मी तुला कधी सांगितली नाही, कारण तू विचारली नाहीस आणि आईला सांगायची हिंमत नव्हती. ते जिथं काम करत होते तिथून थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ कड्यासारखा खाली उतरतो. नकाशा मी पाहिला आहे. पुस्तकासाठीच पाहिला होता, कितीतरी आधी. तेव्हा मी दादाला तो दाखवून म्हटलं होतं, बघ, तू रोज कड्याच्या टोकावर पाइप जोडतोस. तो म्हणाला होता, मग तुझं तळाचं पान मीच जाऊन बघून येतो.

म्हणून ते पान गाळलं. जागा पुरत होती.

बाईंनी निर्णय दिला. साचा झालेला आहे, चिरा आता बुजायच्या नाहीत, आणि रिकाम्या चिरांचं पुस्तक त्या काढणार नाहीत. विक्रीवाले काका म्हणाले, खजिन्याची पेटी घाला, सोन्याचा रंग देऊ, पोरं खूश. मी नको म्हटलं. पेटी कशी काय प्रत्येक पानावर पोचली, एवढं तरी मूल विचारेलच. मग बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चिरेत कुणाला घालायचं ते तू ठरव. पण तळाचं पान मला हवं. समुद्राचं पुस्तक अर्ध्या पाण्यात थांबत नाही. तूच मुलाखतीत मोठमोठ्यानं सांगत होतीस."

मला पाणबुड्या परत घालायचा आहे. उजेड असेल त्या पानांपर्यंत. पण तो तुझा नवरा आहे आणि शिंपलीचा बाप आहे, तेव्हा तू हो म्हटल्याशिवाय मी त्याला कुठंही उभा करणार नाही. नको म्हणालीस तर पेटी घालीन आणि गप्प बसेन. गप्प बसायचा माझा हात चांगला बसला आहे.

शिंपलीला सांग, पट्ट्या मी काढलेल्या नाहीत. हवेबद्दल सांगितलं होतं ते खरं नव्हतं, हेही सांग.

तुझी,
धाकटी


२० एप्रिल

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुझं "घाल" एवढंच लिहिलेलं कार्ड मिळालं. घातला. पहिल्या पानावर तो डबक्याशेजारी पाय आत सोडून बसला आहे, पुढं पुढं खाली उतरत जातो. मावळत्या उजेडाच्या पानावर दिवा सोडला तर त्याचं फारसं काही दिसत नाही. चिकटवणाऱ्या बायकांनी नुसत्या त्याच्यासाठी वेगळी ताटली केली आहे, हरवू नये म्हणून.

पण आज लिहिते आहे ते तळाच्या पानाचं.

त्या पानावर मेलेला देवमासा आहे. तू कंटाळायचीस तेव्हा मी सांगत असे तेच. एवढा मोठा जीव वर मरतो आणि हळूहळू खाली जाऊन तळाशी टेकतो, जिथं कधी ऊन पोचत नाही आणि खायला फारसं काही नसतं. मग तिथले सगळे त्याच्याकडे येतात. आधी मोठे येतात, मांस खातात. मग खेकडे, मग हाडांत मुळं रोवून राहणारे बारीक किडे. वर्षानुवर्षं त्याच्या एकट्यावर अख्खं गाव जगतं. विक्रीवाल्या काकांचं तोंड पडलं. मुलांच्या पुस्तकात मढं कशाला, म्हणाले. बाई म्हणाल्या, पान मिटतंय का, ते सांगा. मिटत नव्हतं. देवमासा माझ्याकडून खाली टेकेचना. मी त्याला अशा काही घड्या घातल्या होत्या की पान उघडलं की तो तरंगतच राहायचा, आणि मिटताना मध्येच अडायचा. तीन वेळा केला, तिन्ही वेळा तसाच. मग बाई म्हणाल्या, "आधी मजकूर लिही. काय सांगायचंय ते ठरलं नसेल तर कागदाला कसं कळणार?"

मजकूर लिहिला. आमच्याकडे पद्धत आहे, कुठलाही मजकूर छापण्याआधी तो न वाचलेल्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि त्याला कळलं नाही तिथं त्यानं "थांब" म्हणायचं. माझं ते माणूस म्हणजे आई. सगळी पानं तिनंच ऐकली आहेत. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात यावर तिचा अजून विश्वास नाही. म्हणते, एकाचंच निस्तरत नाही. हे एक पान मात्र मी दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवणार होते. पण रविवारी दुपारी मी घरी कापत बसले होते, आई पावडरीचा डबा घेऊन बाथरूमकडे निघाली होती, थांबली आणि म्हणाली, "हे कुठलं पान? हे मला ऐकवलं नाहीस."

मी म्हटलं, हे नको, ह्याचं अजून नक्की नाही. ती डबा मांडीवर घेऊन समोर बसली. "वाच."

मी वाचलं. देवमासा खूप म्हातारा झाला. एके दिवशी तो श्वास घ्यायला वर आला नाही. तो हळूहळू खाली...

"थांब."

"काय कळलं नाही?"

"वर का नाही आला?"

"कारण... त्याचं आयुष्य संपलं होतं."

"म्हणजे मेला."

"हो."

"मग तसं लिही. वर आला नाही म्हणजे काय? पोर वाट बघत बसेल पुढच्या पानापर्यंत. पुढं पान आहे का?"

"नाही. हे शेवटचं."

"मग?"

मी पेन्सिलीनं खोडलं आणि लिहिलं, मेला. आई म्हणाली, पुढं. मी पुढं वाचलं, शेवटपर्यंत. ती एकदाही थांब म्हणाली नाही. वाचून झाल्यावर तिनं डब्याचं झाकण लावलं.

"तिथं थंडी फार असते का गं?"

"फार. फ्रिजमध्ये असते तेवढी. कायमची."

"आणि काळोख?"

"पूर्ण."

"कळतं का काही? जो खाली जातो त्याला?"

"नाही आई. काही कळत नाही. ते आधीच संपलेलं असतं."

"माणसाचंही तसंच?"

मी हो म्हटलं.

मग तिनं विचारलं, "आणि आपल्याचं?"

वहिनी, मी आजवर किती परीक्षा दिल्या. पुस्तकात उत्तर असेल तर मला भीती कधी वाटली नाही. इथं उत्तर माझ्याच हस्ताक्षरात समोर होतं, आत्ताच दुरुस्त केलेलं. मी म्हटलं, "आपल्याचंही. दादा मेला, आई. तो येणार नाही."

ती ओरडली नाही. मला वाटलं होतं, तुला बोलली तसं मला बोलेल, डबा फेकेल, निदान उठून आत जाईल. ती म्हणाली, "मग इतके दिवस का नाही बोललीस?"

मी म्हटलं, "तुला सोसवलं नसतं म्हणून."

"सूनबाई म्हणाली तेव्हा मला वाटलं, रागानं बोलतेय. जोडीदार म्हणाला तेव्हा वाटलं, त्याच्या हातून दोर सुटला असेल म्हणून सुटका करून घेतोय. मग मी तुझ्याकडे बघितलं. घरात शिकलेली तू एक. समुद्रातलं तुला सगळं कळतं. तू काही बोलेनास. मी म्हटलं, पोरगी गप्प आहे त्या अर्थी काहीतरी धरून ठेवण्यासारखं आहे. नाहीतर ही गप्प बसणारी आहे का?"

हे वाचून तुला काय वाटेल ते मला ठाऊक नाही. मी आईला सांभाळत होते, आणि आई माझ्या गप्प बसण्याला धरून उभी होती. आणि तू, जिनं पहिल्या दिवशी खरं सांगितलं, ती पोरीला घेऊन माहेरी, नुसत्या पार्सलाच्या पत्त्यावर जाऊन राहिलीस. मी घरातली पहिली पदवीधर, वहिनी. मुलांना खरं सांगायला निघालेली. तुझी माफी मागायला शब्द शोधते आहे, सापडले की लिहीन.

मी रडत होते. आई रडली नाही, निदान तेव्हा नाही. तिनं तळाचं अर्धवट पान हातात घेतलं, देवमाशावर बोट ठेवून हलकेच दाबलं. तो टेकला. कागद मऊ पडला होता म्हणून असेल. मग त्याच्याभोवतीचे खेकडे आणि मासे तिनं एकेक बघितले, बाजारात बघते तसे, उलटेसुलटे करून.

"हे सगळे उपाशी असतात का तिथं?" तिनं विचारलं.

"बहुतेक वेळ."

ती म्हणाली, "म्हणजे कुणाचं तरी पोट भरलं त्यानं."

आणि उठून बाथरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. आतून पाण्याचा आवाज येत राहिला.

सूट तिथंच आहे. त्याचं काय करायचं ते तू आल्यावर ठरव, तो तुझा आहे. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या तेव्हा आई त्यांना म्हणाली, "माझा मुलगा वारला." काकू दारातच उभ्या राहिल्या. आई म्हणाली, आत या, सांगते. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तिनं धक्क्यापासून सगळं सांगितलं, कुठंही अडली नाही, आणि खाली काय असतं तेही सांगितलं, माझ्याच शब्दांत. सोमवारी मी बाईंना सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढं केली आणि पाठ करून खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

सुट्टी लागली की शिंपलीला पाठव. नाहीतर तूच ये तिला घेऊन, आणि राहा. जागा आहे. या घरात आता यायचं राहिलेलं दुसरं कुणी नाही.

तुम्हा दोघींचीच वाट बघणारी,
त्याची बहीण